रानातल्या प्राण्यांचा ताण कसा मोजतात? या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्राणिशास्त्रात एमएस्सी करून मी वन्यप्राण्यांच्या संप्रेरकांवर, म्हणजे हार्मोन्सवर काम करते. बीएस्सी-एमएस्सीची मुलं-मुली भेटली की ठरावीक प्रश्न विचारतात, आणि त्यांचे आईवडीलही विचारतात. त्यातले बहुतेक इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे घाईने बोलून चालत नाही.

हा विषय नेमका कशाचा आहे?

प्राण्याला शक्यतो हात न लावता त्याच्या शरीरात काय चाललंय ते समजून घेण्याचा. जंगलातून रस्ता गेला, पाणवठा आटला, पर्यटकांच्या गाड्या वाढल्या, तर त्याचा परिणाम प्राणिगणनेत कधी ना कधी दिसतोच. पण तो दिसेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात आणि प्राणी कमी झालेले असतात. शरीर त्याच्या कितीतरी आधी बदलायला लागतं. संप्रेरकं वरखाली होतात, चरबी उतरते, माद्या माजावर येत नाहीत. हे बदल वेळेत ओळखता आले तर वनखात्याच्या हातात काही करायला वेळ उरतो. मला हा विषय जवळचा वाटतो तो याचसाठी.

ताण म्हणजे वाईटच ना?

नाही, आणि हे नीट कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चितळाच्या कळपावर कोळसुंद्यांची, म्हणजे रानकुत्र्यांची टोळी आली की काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि हृदयाचे ठोके वाढतात. त्यापाठोपाठ दुसरी साखळी सुरू होते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी एसीटीएच नावाचं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांच्या टोकाशी असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल तयार करतात. रक्तातलं कॉर्टिसोल साधारण तीन मिनिटांनंतर चढलेलं दिसतं. त्यामुळे साठवलेली ऊर्जा मोकळी होते आणि पचन, वाढ, प्रजनन अशी खर्चिक कामं थोडा वेळ बाजूला पडतात. चितळ वाचलं तर तासा-दोन तासांत सगळं पूर्वपदावर येतं. ही साखळी नसती तर चितळच उरलं नसतं.

शास्त्रज्ञ हान्स सेली यांनी 1936 साली ‘नेचर’ या शोधपत्रिकेत उंदरांवरचं निरीक्षण मांडलं. थंडी, इजा, विषारी द्रव्य, काहीही असो, शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच येते, असं ते होतं. पुढच्या संशोधनातून कळलं की खरा धोका ही साखळी बंदच न होण्यात आहे. आठवडेच्या आठवडे कॉर्टिसोल चढलेलं राहिलं तर स्नायू झिजतात, रोगप्रतिकारशक्ती उतरते आणि पिल्लं होणं लांबतं.

पण चढलेलं कॉर्टिसोल प्रत्येक वेळी दुखण्याचंच लक्षण नसतं. गाभण मादीत ते वाढतं. माजावर आलेल्या, झुंजी खेळणाऱ्या नरांत वाढतं. कित्येक पक्ष्यांत विणीच्या हंगामात वाढतं. म्हणून नमुना कुठल्या ऋतूतला, नराचा की मादीचा, हे माहीत नसेल तर हातात आलेल्या आकड्याचं काहीच करता येत नाही.

आणखी एक. कॉर्टिसोल हे हत्ती, वाघ, हरणं, माकडं आणि मासे यांचं मुख्य ताण-संप्रेरक. पक्षी, सरडे, बेडूक आणि उंदीर यांच्यात ते काम कॉर्टिकोस्टेरॉन करतं. मुलाखतीत हे विचारतातच.

रक्त का घेत नाहीत? विष्ठेतून काय कळणार?

रक्त घ्यायचं तर प्राणी पकडायला हवा, आणि पकडलं की तीन मिनिटांत आकडा चढतो. म्हणजे आपण मोजतो तो आपणच दिलेला ताण. पक्षी जाळीत अडकल्याक्षणी त्या तीन मिनिटांत रक्त काढता येतं. वाघ किंवा हत्तीच्या बाबतीत ते होणार नाही. शिवाय बेशुद्ध करण्यात जिवाला धोका असतो आणि एका वेळच्या रक्तात फक्त त्या क्षणाची नोंद असते.

विष्ठेत जरा मोठ्या काळाची नोंद मिळते. कॉर्टिसोल यकृतात मोडतं, त्याचे तुकडे पित्तातून आतड्यात येतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. त्यामुळे विष्ठेतला आकडा आतड्याचा प्रवास जितका लांब, तितका मागचा असतो. छोट्या पक्ष्यात तो काही तासांचा असतो, हत्तीत एक-दोन दिवसांचा. आज सकाळी हत्तींना फटाके लावून पळवलं आणि दुपारी लीद गोळा केली तर फटाक्यांचा मागमूस त्यात मिळणार नाही.

विष्ठेचे तोटेही आहेत. ती पडली की जिवाणू कामाला लागतात आणि तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, म्हणून ताजीच हवी. पावसाने धुतलेली नको. वाघाची आणि बिबट्याची विष्ठा नुसती बघून ओळखण्यात अनुभवी माणसंही चुकतात, म्हणून डीएनए तपासून खात्री करून घेतात. त्याच डीएनएवरून नर की मादी हेही कळतं.

विष्ठेखेरीज केस, पिसं, लघवी, देवमाशाने उडवलेला फवारा यांतूनही मोजमाप होतं. केसात आणि पिसात ते वाढत होते त्या काळाची सरासरी नोंद मिळते. अमेरिकेत मिनेसोटामध्ये काळ्या अस्वलांच्या अंगात हृदयाचे ठोके नोंदवणारी यंत्रं बसवून त्यांच्यावरून ड्रोन उडवले होते. बहुतेक वेळा अस्वलं जागची हललीही नाहीत, पण ठोके वाढले होते. एका अस्वलाचे तर मिनिटाला 123 ने वाढले. 2015 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘प्राणी शांत बसलाय, त्याला काही त्रास नाही’ असं जीपमधून म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काय करावं लागतं?

आधी रानातलं काम. ताजी लीद दिसली की हातमोजे घालून ती फोडायची, आतल्या भागातून चार-पाच ठिकाणचा थोडा थोडा भाग घेऊन एकत्र करायचा, कारण संप्रेरकं सगळीकडे सारखी पसरलेली नसतात. पिशवीवर तारीख, वेळ, जीपीएस, कळपातला कोण ते लिहायचं. पेन्सिलीनेच लिहायचं, अल्कोहोल सांडलं की शाई पुसली जाते. मग आइसबॉक्स, आणि मुक्कामी पोचल्यावर उणे 20 अंशांचा फ्रीजर. आडगावात वीज जाते, म्हणून कोणाकडे जनरेटर आहे, आइस्क्रीमवाल्याचा किंवा दूध डेअरीचा फ्रीजर मिळेल का, ही चौकशी पहिल्याच आठवड्यात करून ठेवायची.

प्रयोगशाळेत नमुना वाळवून दळतात आणि चाळतात. गवताच्या काड्या, केस, हाडांचे तुकडे बाजूला काढतात. उरलेल्या भुकटीतला ग्रॅमचा लहानसा अंश मोजून घेतात, त्यात पाणी मिसळलेलं इथेनॉल किंवा मिथेनॉल घालून खूप हलवतात, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात आणि वरचा द्रव काढून घेतात. पुढचं काम 96 खळ्यांच्या प्लास्टिकच्या पट्टीवर होतं. या पद्धतीला एलायझा म्हणतात. प्रत्येक खळ्यात प्रतिपिंडं, म्हणजे संप्रेरकाला पकडणारी अँटिबॉडी, आधीच चिकटवलेली असतात. आपल्या नमुन्यातलं संप्रेरक आणि आपण वरून घातलेलं, रंग आणणारी खूण जोडलेलं संप्रेरक, दोघंही त्याच जागांसाठी झगडतात. मग रंगद्रव्य टाकलं की खळ्या निळ्या व्हायला लागतात आणि आम्ल टाकताच पिवळ्या पडतात. नवख्या मुलांचा इथे गोंधळ होतो, कारण रंग गडद म्हणजे नमुन्यात संप्रेरक कमी आणि रंग फिका म्हणजे जास्त. तो पिवळा रंग यंत्र 450 नॅनोमीटरला वाचतं. प्रत्येक नमुना दोन खळ्यांत घालतात आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तो नमुना परत करतात.

हात स्थिर हवा आणि कंटाळा न येणारा स्वभाव हवा. रानात रमणाऱ्या कितीतरी जणांचा जीव पिपेट हातात धरून गुदमरतो. प्रवेश घेण्याआधी स्वतःला हे विचारा. आठवड्यांमागून आठवडे बंद खोलीत काढायची तयारी असेल तरच या वाटेला या.

संप्रेरक मोजायचं किट विकत मिळतं, मग अडचण कुठे आहे?

किट माणसाच्या किंवा उंदराच्या रक्तासाठी बनवलेलं असतं. बिबट्याच्या विष्ठेत मूळ कॉर्टिसोल जवळपास नसतंच, असतात ते त्याचे तुकडे, आणि प्रत्येक जातीत ते वेगळे. किटमधलं प्रतिपिंड ते तुकडे ओळखतं का, हे आधी सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली एसीटीएच टोचतात आणि पुढचे काही दिवस प्रत्येक विष्ठा गोळा करतात. आकडा चढून पुन्हा उतरला तर पद्धत चालते. टोचणं शक्य नसेल तर प्राण्याला एका पिंजऱ्यातून दुसरीकडे हलवण्यासारखी, ताण देणार हे आधीच ठाऊक असलेली घटना वापरतात. हे काम वगळलेला प्रबंध मी तरी गांभीर्याने घेत नाही, मग नमुने कितीही असोत. नवीन जात निवडलीत तर पहिलं वर्ष यातच जाईल, हे गृहीत धरा.

कॉर्टिसोल जास्त आलं की प्राणी त्रासात आहे, असं म्हणता येतं का?

एवढ्यावरून नाही. या सगळ्या पानातलं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दक्षिण भारतातल्या हत्तींचं उदाहरण घ्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कर्नाटकातल्या बंदीपूर आणि तमिळनाडूतल्या मुदुमलाईत हत्तींच्या अंगकाठीला गुण दिले आणि लिदेतले आकडे त्याच्याशी ताडून पाहिले. बरगड्या, पाठीचा कणा, कानशिलाची खोबण किती वर आलीय, यावरून गुण. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हाडं निघालेल्या हत्तींचे आकडे जास्त आले, विशेषतः उन्हाळ्यात, चारा सुकल्यावर. अपेक्षेप्रमाणेच.

मग त्यांनी शेतात शिरणाऱ्या हत्तींकडे पाहिलं. हाकारे, फटाके, दिवे, विजेची कुंपणं या सगळ्यांत वावरणाऱ्या हत्तींचे आकडे गगनाला भिडलेले असणार, असं कुणालाही वाटेल. 2019 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलट होता. या हत्तींचे आकडे जंगलातल्या हत्तींपेक्षा कमी होते. शेतातलं खाणं सकस असतं आणि पोट भरल्याने ताण उतरत असावा, असा त्यांनी अर्थ लावला.

याचा अर्थ शेतात शिरणं हत्तींच्या भल्याचं आहे, असा नाही. विजेच्या तारेने मरणारा हत्ती कॉर्टिसोल कमी असतानाही मरतोच. पण पिकांकडे हत्ती पुन्हा पुन्हा का वळतो, याचं एक ठोस कारण या अभ्यासातून हाती लागलं. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येत आले आहेत, नारळी-केळीची नासधूस होते, माणसं जखमी होतात, दगावतात. तिथे ‘हाकलून लावू, घाबरून जातील’ एवढाच विचार का पुरत नाही, हे या आकड्यांकडे पाहिलं की उमगतं.

भूक आणि भीती वेगवेगळी ओळखायची असेल तर थायरॉइडच्या टी3 या संप्रेरकाचे अंशही सोबत मोजतात. उपासमार झाली की टी3 उतरतं, नुसत्या भीतीने तेवढं उतरत नाही. दोन्ही आकडे, अंगकाठीचे गुण, ऋतू आणि त्या भागाची माहिती हे सगळं शेजारी ठेवलं की अर्थ लागायला लागतो.

वाघांवर असं काम झालंय का?

झालंय. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेची लुप्तप्राय प्राण्यांसाठीची प्रयोगशाळा, लॅकोन्स, यात अग्रणी आहे. राजस्थानात सरिस्कातले सगळे वाघ 2004-05 पर्यंत संपले होते आणि 2008 पासून तिथे रणथंबोरचे वाघ आणून सोडले. पिल्लं मात्र होईनात. पहिले बछडे दिसायला 2012 साल उजाडलं. याउलट मध्य प्रदेशातल्या पन्नात 2009 मध्ये अशाच बाहेरून आणून वाघिणी सोडल्या आणि 2010 मध्येच बछडे झाले. सरिस्काच्या वाघांच्या विष्ठेचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात वाघांचे ताणाचे आकडे माणसांच्या वावराशी, गुरांशी, रस्त्यांशी जोडलेले दिसले. पिल्लं न होण्याचं ते एकमेव कारण होतं असं म्हणता येणार नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नव्हतं.

2019 मध्ये कान्हा आणि बांधवगडचा अभ्यास आला. पर्यटन सुरू असताना वाघांच्या विष्ठेतले आकडे पर्यटन बंद असतानाच्या काळापेक्षा जास्त होते आणि गाड्यांच्या संख्येशी त्यांचा संबंध दिसला. हे वाचून ‘सफारी बंद करा’ अशी मागणी करण्याआधी थांबा. पर्यटन बंद असतं ते पावसाळ्यात, आणि त्या वेळी पाणी, सावज, हवा सगळंच वेगळं असतं. मला यातून गाड्यांची संख्या आणि वाघाभोवतीचं कोंडाळं यांना मर्यादा घालण्याचा मुद्दा बळकट झालेला दिसतो. ताडोब्यात एका वाघामागे लागलेली जिप्सींची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको.

परदेशातला एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर कॅनडाजवळच्या फंडीच्या उपसागरात जहाजांची वाहतूक घटली आणि पाण्याखालचा आवाज 6 डेसिबलने उतरला. त्याच दिवसांत तिथल्या राइट व्हेल देवमाशांच्या विष्ठेतले ताणाचे अंशही कमी भरले. मुद्दाम असा प्रयोग कुणीच करू शकलं नसतं. तो उलगडला, कारण तिथे आधीपासून दरवर्षी नमुने गोळा होत होते.

बीएस्सी झूलॉजी आहे, वाईल्डलाईफची पदवी नाही. चालेल का?

चालेल. केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी घेतलेलेही या कामात येतात आणि प्रयोगशाळेत अनेकदा तेच पुढे असतात. वन्यजीवांचीच पदव्युत्तर पदवी हवी असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस ही दोन नावं आधी येतात. जागा मोजक्या आणि प्रवेश दरवर्षी असतोच असं नाही, म्हणून तारखा आधी पाहा. पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी झूलॉजीत एमएस्सी करून पुढे पीएचडीला या विषयाकडे वळलेले बरेच आहेत. पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट (लाइफ सायन्सेस) किंवा गेट द्यावी लागते. गेटमध्ये इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे.

व्हेटरनरीला जायला हवं होतं का?

प्राणी बेशुद्ध करणं, उपचार, शवविच्छेदन हे करायचं असेल तर हो. संप्रेरकांच्या अभ्यासाला त्याची सक्ती नाही. मात्र एखाद्या पशुवैद्यकाशी दोस्ती ठेवा. त्यांच्याशिवाय एसीटीएचचं काम होत नाही.

गणित कच्चं आहे.

मग आजपासून पक्कं करायला घ्या. एकाच हत्तीचे दहा नमुने म्हणजे दहा हत्ती नव्हेत, हे आकडेवारीत सांभाळावं लागतं आणि त्यासाठी ‘आर’ नावाची फुकट मिळणारी संगणकीय भाषा शिकावी लागते. अवघड नाही, रोज बसावं लागतं.

परवानगी लागते का? नुसती विष्ठा तर उचलायची आहे.

लागते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी शिरायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. महाराष्ट्रात अर्ज नागपूरला जातो. पकडायचं, टोचायचं असेल तर कायद्याच्या अटी आणखी कडक होतात आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरीही घ्यावी लागते. नमुने देशाबाहेर पाठवायचे म्हटले तर जैवविविधता कायदा आणि वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय सायटीस करार आडवे येतात, म्हणून तपासणी भारतातच होईल असं बघा. कागद फिरायला महिनोन्‌महिने जातात. हंगाम जवळ आल्यावर अर्ज केला तर तो हंगाम हातचा गेला म्हणून समजा.

परवाना हातात आला तरी बीटवरच्या वनरक्षकाला आणि वनमजुरांना आधी भेटा. कुठल्या ओढ्याला सकाळी ताजी लीद सापडेल हे त्यांना पाठ असतं. त्यांचं नाव शोधनिबंधात यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

घरचे म्हणतात मुलीने जंगलात एकटीने कशाला जायचं. काय सांगू?

एकटीने जायचंच नसतं, मुलग्यानेही नाही. सोबत स्थानिक सहायक असतो, सायंकाळी परतायची वेळ ठरलेली असते आणि ती मुक्कामावर सांगून निघतात. आईवडिलांना एकदा मुक्कामाची जागा दाखवा आणि मार्गदर्शकांशी बोलणं करून द्या, अर्धी काळजी तिथेच मिटते. माझा अनुभव असा की वाघ-बिबट्यांपेक्षा गोचिडी, जळवा आणि रात्रीचा मोटारसायकलचा प्रवास जास्त त्रास देतात. दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून येतो, त्यामुळे तिकडे पूर्ण बाह्या, मोजे आणि परतल्यावर अंग तपासणं चुकवू नका. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेतून जंतांची अंडी माणसात जातात. मास्क आणि हातमोजे न घालता ती दळायला बसायचं नाही.

पोट भरेल का?

पीएचडीच्या काळात नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, असेल तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 आणि दोन वर्षांनी 42,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. जेआरएफ नसेल तर प्रकल्पावर काम करावं लागतं. तिथे पैसे कमी आणि कधी कधी उशिरा येतात. पुढे सरकारी संस्था, विद्यापीठं, प्राणिसंग्रहालयं, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्था अशा वाटा आहेत, पण कायमच्या जागा थोड्या आहेत. हे लपवून कुणाला या क्षेत्रात ओढणं मला पटत नाही. घरची जबाबदारी अंगावर असेल तर फेलोशिप हातात आल्याशिवाय उडी मारू नका. प्रयोगशाळेत शिकलेलं तंत्र निदान केंद्रांत आणि औषध कंपन्यांतही चालतं, तो आधार आहे.

वाघ किंवा हत्तीच घ्यावा का?

मी तर उलट सांगेन. त्यांच्यावर काम करणारे आहेत, परवानग्या कठीण आहेत आणि नमुने जमायला वेळ लागतो. आपल्या माळरानांकडे बघा. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातले चिंकारे, नान्नजच्या माळावरचे लांडगे, काळवीट. सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या गाड्या, भटकी कुत्री, वाढती बांधकामं, यांचा त्यांच्या शरीरावर काय परिणाम होतोय हा प्रश्न खुला पडलाय आणि पुण्या-सोलापूरहून सकाळी निघून दुपारी परत येता येतं. सह्याद्रीतले बेडूकही आहेत. बेडकाच्या लघवीतून कॉर्टिकोस्टेरॉन मोजता येतं.

आत्ता एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. सुरुवात काय करू?

गावाजवळचा वानरांचा एखादा कळप निवडा. रोज ठरावीक वेळी जाऊन वही भरा. कोण कोणाला दाबतं, कोण काय खातं, कुत्रं आलं की कोण आधी ओरडतं, पिल्लांच्या आया कुठे बसतात. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी आफ्रिकेतल्या बबूनांच्या रक्तातलं कॉर्टिसोल आणि कळपातलं स्थान यांचा संबंध दाखवला, तो वर्षानुवर्षं कळपातला प्रत्येक जण ओळखीचा झाल्यामुळेच. सोबत महाविद्यालयातल्या बायोकेमिस्ट्री विभागात जाऊन एलायझा शिकून घ्या, कोणत्याही रक्तनमुन्यावर चालेल.

मग मार्गदर्शकांना ईमेल लिहा. ‘मला वन्यजीवांची आवड आहे’ याने सुरुवात नको, तशी पत्रं त्यांना रोज येतात. त्यांचा एक शोधनिबंध पूर्ण वाचा, त्यातलं काय पटलं नाही किंवा काय पुढे न्यावंसं वाटतं ते दोन ओळींत लिहा, आपल्या वानरांच्या वहीतलं एखादं पान जोडा आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने येऊन काम करू का, असं विचारा. जानेवारीतच विचारा, मार्चपर्यंत जागा भरलेल्या असतात.